रबरी चाकांवरचं पिंप

दापोडीची आम्रपाली चाकणच्या एका रंग कंपनीत थिनर भरायच्या कामाला होती. जोडीला मोशीची जाईबाई. पाइपातून थिनर वाहताना विजेचा चार्ज तयार होतो आणि लोखंडी पिंपात साठतो, म्हणून पिंपाला चिमटा लावून त्याची तार जमिनीत सोडायची, हे दोघींना पहिल्याच दिवशी शिकवलेलं. दिवाळीनंतर पिंपांसाठी रबरी चाकांच्या ट्रॉल्या आल्या. तार तिथवर पुरेना. आम्रपालीने सुपरवायझरच्या कानावर घातलं, एकदा नाही, दोनदा. "बघू गं, आधी माल तर जाऊ दे," म्हणून त्याने विषय झटकला.

जानेवारीतल्या एका कोरड्या दुपारी जाईबाईने पिंपाकडे हात नेला. टिक् आवाज झाला आणि भडका उडाला. प्लास्टिक-नायलॉनवर चार्ज जिथल्या तिथे चिकटून बसतो. लोखंडात तो सगळीकडे पसरतो आणि वाट मिळाली की एकदम सुटतो. रबराने जमिनीची वाट अडवलेली, मग चार्जला जाईबाईची बोटं सापडली. आम्रपालीने आग विझवली, पण जाईबाईचे दोन्ही हात भाजून निघाले.

चौकशीत मॅनेजर म्हणाला, "बाईंची साडी नायलॉनची होती. ठिणगी त्यातूनच पडली."

"साडी होती सर, पण पिंपाला तार नव्हती. मी सांगितलं होतं."

"बाईंनी स्वतः कबूल केलंय. तू कशाला खोटं बोलतेस?"

दुसऱ्या दिवशी आम्रपालीला गेटवरूनच परत पाठवलं.

ती तडक मोशीला गेली. जाईबाई खाटेवर बसली होती, दोन्ही हात बँडेजात.

"मावशी, असं का सांगितलंत?"

"तेजस्विनीला हापिसात घेत्यात. कायम." जाईबाईने पोरीचं नाव घेतलं आणि मान वळवली. "माजे हात तर गेलेच. त्येचं कायतरी व्हायला नगं?"

"आणि मी खोटी ठरले, त्याचं काय?"

"तू शिकलेली हायस. तुला कुटंबी काम मिळंल."

आम्रपालीच्या तोंडात शिवी आली होती. तेवढ्यात तेजस्विनीने चहा आणून ठेवला आणि आत निघून गेली. जाईबाई कपाकडे नुसती बघत राहिली. शेवटी आम्रपालीनेच कप उचलून तिच्या ओठांना लावला.

दोन घोट घेऊन जाईबाई म्हणाली, "साखर कमी हाय."

चहा संपेपर्यंत आम्रपालीने कप तसाच धरला.