बटणावरचा हात

खोलीला कुलूप लावलं की मी ते दोनदा ओढून बघतो. जिना उतरून खाली आलो की कधी कधी परत वर जातो. सहावीत शाळा सुटली तेव्हापासून मनात बसलंय, आपल्याला नीट आलेलं नसणार. आता पन्नाशी जवळ आली. खरं सांगायचं तर कामानं दमत नाही तेवढा मी खात्री करून करून दमतो.

माझं गाव हिंगोलीकडे. बायकोपोरं तिकडेच. मी उल्हासनगरात, कॅम्प पाचला, एका सिंधी शेठची कार चालवतो, त्याला बरीच वर्षं झाली. ट्रकचं लायसन मला मिळत नव्हतं, त्याला आठवी पास लागायची. मधे तो नियम रद्द झाला. तेव्हा शेठचे वडील, ज्यांना सगळे दादा म्हणतात, काठी टेकत माझ्याबरोबर आले आणि लायसन काढून दिलं. माझ्यासाठी एवढं रांगेत कुणी उभं राहिलं नव्हतं.

लायसन हवं होतं ते त्यांच्या जुन्या ट्रकसाठी. शेठच्या जन्माआधीचा, दादांनी स्वतः चालवलेला. वर्षभर तो बदलापूरच्या गोडाऊनमध्ये झाकलेला असतो. चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, मात्र फुलं लावून, वर झुलेलालची मूर्ती ठेवून कॅम्पातून फिरतो. दादांच्या हातात आता जोर नाही. त्यांनी घरात सांगून टाकलं, हा चालवील.

शेठना ते पटलं नव्हतं. ‘‘याच्या मागच्या अ‍ॅक्सलचा पार्ट कुठे मिळत नाही,’’ ते मला बाजूला घेऊन म्हणाले. ‘‘काही तुटलं तर संपलं. आपल्या हॉटेलसमोर उभा करीन, शोसाठी. पप्पांनी कितीही आरडाओरडा केला तरी.’’

त्या अ‍ॅक्सलमध्येच दोन वेग आहेत. गिअरच्या दांड्याला, मुठीच्या जरा खाली, एक लाल बटण आहे. ते खाली ढकललं की ट्रक हळू चालतो पण जोर लावून ओढतो. वर ओढलं की पळतो. पण बटण हलवल्या हलवल्या काहीच होत नाही. अ‍ॅक्सिलेटरवरून पाय उचलायचा आणि थांबायचं. मग मागून खट् असा आवाज येतो. तेव्हा समजायचं, लागलं. ते थांबणंच माझ्याच्यानं होईना. गोडाऊनच्या आवारात दादा शेजारी बसून शिकवायचे.

‘‘दबाया?’’

‘‘हो, दादा.’’

‘‘तो छोड दे ना, पुट,’’ लेकाला म्हणावं तसं ते म्हणायचे. ‘‘गुदगुल्या कशाला करतो त्याला?’’

आणि एक गोष्ट ते रोज सांगायचे. उतारावर बटणाला हात लावायचा नाही. मधेच अडकलं तर ना इकडचं ना तिकडचं, चाकं मोकळी.

यंदा मिरवणुकीच्या सकाळी निघालो. दादा शेजारी, शेठ मागून कारमध्ये. बदलापूरचा रेल्वेवरचा पूल लागायच्या आधी बटण खाली केलं. खट् झालं, ट्रक कण्हत कण्हत चढला. माथ्यावर आल्यावर मला बरं वाटलं, आणि मला बरं वाटलं की काहीतरी बिघडतंच. आता सपाट आहे, वर करून टाकू, मनात म्हणालो. बटण ओढलं, पाय उचलला. आवाज नाही. तोवर उतार सुरू झाला. लागलं की नाही? परत खाली दाबलं. परत ओढलं.

इंजिनचा आवाज एकदम हलका झाला. एवढं धूड आपल्याच वजनानं खाली निघालं, आणि पुढे रिक्षांची रांग. मी ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिलो. जुने ब्रेक, ते वेग वाढू देत नव्हते, एवढंच.

‘‘बटन नीचे,’’ दादा म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. मी दाबलं.

‘‘अब हाथ हटा.’’

हात निघेना. त्यांनी माझी बोटं सोडवली आणि स्वतःचा पंजा बटणावर झाकणासारखा ठेवला. ‘‘ब्रेक छोड. रेस दे.’’

समोर रिक्षा दिसत असताना ब्रेक सोडायचा आणि रेस द्यायची! दिली. इंजिन ओरडत चाकांच्या वेगाला आलं, मागून खाड् झालं आणि कुणी मागून धरल्यासारखा ट्रक हळू झाला.

पूल उतरून कडेला घेतला. शेठ धावत आले. ‘‘क्या टूटा? मी आवाज ऐकला!’’

‘‘माझी चूक, शेठ. उतारावर बटण हलवलं.’’

दादा खिडकीतून म्हणाले, ‘‘टूटा होगा तो चलेगा नहीं. चलाके देख.’’

सपाट रस्त्यावर शेठच्या देखत चालवला. बटण वर, पाय उचलला, थांबलो. खट्. खाली. थांबलो. खट्. शेठ कारमध्ये जाऊन बसले.

मग अंबरनाथ मागे टाकून कॅम्प पाच, तिथून मूर्ती घेऊन कॅम्प तीन. माणसं पुढे नाचत होती, ट्रक त्यांच्या पावलानं चालत होता. बटण खालीच. दुपार कलेपर्यंत मी दोन्ही हातांनी ते जड स्टिअरिंग धरून होतो. खांदे भरून आले. तरी बरं, हाताला काम होतं. दादा काचेला डोकं टेकून झोपून गेले.

दुसऱ्या दिवशी ट्रक परत न्यायचा होता. मी खाली दादांची वाट पाहत उभा. ते गॅलरीतून म्हणाले, ‘‘मैं आके क्या करूँ? जा.’’ शेठ त्यांच्या शेजारीच होते. मी शेठकडे बघत राहिलो. त्यांनी खिशातून चावी काढली आणि वरून टाकली.

पुलाच्या बऱ्याच आधी मी बटण खाली केलं. खट् ऐकलं. मग तो पूल मुंगीच्या चालीनं चढलो आणि तसाच उतरलो. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. एक रिक्षावाला बाजूनं जाताना म्हणाला, ‘‘काका, धक्का मारू का?’’

‘‘नको रे बाबा, जा तू पुढं.’’

गोडाऊनमध्ये लावून फोन केला. ‘‘पोचलो, दादा.’’

‘‘बटन?’’

‘‘खालीच आहे. पुलाआधी दाबलं, मग हात नाही लावला.’’

‘‘पूरा रस्ता?’’ ते हसले की खोकले, कळलं नाही. ‘‘अच्छा. अब कुछ खा ले.’’

ट्रकवर ताडपत्री ओढली, शटर पाडलं. कुलूप मात्र दोनदा ओढून बघितलं.