सामाईक जिना

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं तेव्हा आमच्या बुढापारा मोहल्ल्यात पेढे वाटले गेले. मीही दोन खाल्ले. आता भोपाळला खेटे घालावे लागणार नाहीत, एवढंच तेव्हा कळत होतं. वर्षभरात कळलं, की यापुढे अख्ख्या राज्याचे खेटे आमच्याच गल्लीतून पडणार आहेत. बस्तरपासून सरगुजापर्यंतची माणसं बगलेत फाइल धरून उतरायला लागली आणि त्यांना मुक्कामाला जागा हवी होती. बाजार, कचेऱ्या, तलाव, सगळं पायी अंतरावर. ज्या घरांना कालपर्यंत त्यांचे मालकही रंग द्यायला तयार नव्हते, त्यांच्यासमोर दलाल स्कूटर लावून उभे राहायला लागले.

आमचं घर आणि शेजारच्या काकांचं घर ही जोडघरं. माझे आजोबा आणि काकांचे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी विदर्भातून आले. दोघांनी मिळून एक चिंचोळी जागा घेतली, मध्ये भिंत घातली आणि दोन घरं बांधली. जागा वाचावी म्हणून जिना मात्र एकच, तोही काकांच्या बाजूला. आमच्या माडीवर जायचं तर काकांच्या दारातून आत शिरायचं आणि जिना चढायचा. वर डावीकडे आमचं दार, उजवीकडे त्यांचं. कागदात याचा कुठे उल्लेख नव्हता. आपल्या माणसाकडून लिहून घेणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, असं आजोबांचं मत होतं म्हणे. असली थोर मतं मागे ठेवून दोघे म्हातारे वेळेवर निघून गेले.

खालच्या दोन खोल्यांत आम्हाला भर दुपारी दिवा लावावा लागे. वर गच्ची होती, वारा होता, पलीकडे तलावाचं पाणी दिसायचं. आई दिवसातून चार वेळा वर जायची आणि दर वेळी काहीतरी निमित्त काढायची. उन्हाळ्यात ती आणि काकू मिळून कुरडया करत. एक चीक भरून द्यायची, दुसरी सोऱ्या फिरवायची, आणि मीठ कुणी जास्त टाकलं यावरून दर वर्षी भांडण. सोऱ्या काकूंचा, पातेलं आमचं. वडील गेले त्या वर्षी आई घरात कुणाशी धड बोलली नाही. बोलली ती काकूंशी, त्या गच्चीवर बसून.

काकांचा मुलगा पुण्याला स्थायिक झाला होता. राजधानीनंतर दुसऱ्या वर्षी काकांनी घर विकायला काढलं आणि शहरातच तेलीबांध्याकडे नवा फ्लॅट घेतला. घेणारा बाहेरचा होता, त्याला इथे लॉज काढायचा होता. आईने मला बोलावून सांगितलं, "रजिस्ट्रीच्या आधी काकांशी बोलून ये. जिन्याचं कागदात लिहा म्हणा. नवा माणूस आपल्याले वर जाऊ देईन का? मी बोलली असती, पण मले त्यांच्यासमोर असं बोलता येत नाही."

मी गेलो. त्या दिवशी चतुर्थी होती. काकूंनी साबुदाण्याची उसळ पुढे ठेवली. काका सामानाच्या पेट्यांमध्ये बसले होते. "काय बाबू, आता तुमच्या घराले कान लावून कोण बसन?" असं हसत म्हणाले आणि एकदम रडायला लागले. पासष्ट वर्षांचा माणूस, धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होता. मग स्वतःच म्हणाले, "परवा रजिस्ट्री आहे. तुमच्या बाजूनं काही असलं तर सांगून टाक."

मी म्हणालो, "नाही काका. काहीच नाही."

भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत. रडणाऱ्या माणसाच्या घरची उसळ खात त्याला 'लिहून द्या' कसं म्हणायचं, एवढाच प्रश्न मला पडला. बत्तीस वर्षांचा होतो, नोकरी करत होतो, आणि एक वाक्य तोंडातून फुटेना.

आई दारातच उभी होती. "विचारलं?"

"हव. लिहून देतो म्हणाले."

सकाळी परत जाऊन विचारू आणि खोट्याचं खरं करून टाकू, असा बेत होता. सकाळी काकांकडे निरोप द्यायला आलेल्यांची गर्दी होती. संध्याकाळी गाडी भरणं चाललं होतं. तिसऱ्या दिवशी रजिस्ट्री झाली. काकू जाताना आईच्या गळ्यात पडून रडल्या आणि आई त्यांना समजावत राहिली, की तेलीबांधा काही परदेशात नाही.

नव्या मालकाने चार महिन्यांत जिन्याला फरशी बसवली आणि वरचं आमचं दार विटांनी बंद केलं. मी तणतणत गेलो. त्याने मला खुर्ची दिली आणि म्हणाला, "भैया, कागज में दिखा दीजिए, अभी खुलवा देता हूँ." त्याच्याशी भांडायलाही काही नव्हतं. वकिलाकडे गेलो. तो म्हणाला, इतक्या वर्षांची वहिवाट आहे, लढता येईल, फक्त तुमच्या काकांना साक्षीला आणा. काका आनंदाने आले असते, आणि पहिल्याच प्रश्नाला सांगून बसले असते की मी तर याला विचारलं होतं. मी घरी येऊन आईला सांगितलं, की केस टिकणार नाही म्हणतात.

मागच्या अंगणात लोखंडी गोल जिना लावला. आई त्यावर एकदाच चढली. अर्ध्यात तिचे गुडघे अडकले, वर जाता येईना, खाली येता येईना. मी खाली उभा राहून तिचे पाय एकेका पायरीवर ठेवून तिला उतरवलं. त्यानंतर ती गेली नाही. नऊ वर्षं ती त्या दोन खोल्यांत दिवा लावून राहिली. माडीवर पारवे राहायला आले.

"केसानं गळा कापला त्यानं," ती म्हणायची. "शब्द देऊन फिरला." काकू संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन स्वतः आल्या, तर आई आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. फोन आला की मला खुणेने 'नाही म्हण' सांगायची. काका वारले तेव्हाही ती भेटायला गेली नाही. मी एकटा गेलो आणि तिला ताप आहे म्हणून सांगितलं. गावातल्या मराठी घरांत बोललं गेलंच, की एवढा कसला माज.

मी त्या काळात पानठेल्यावर राजधानीला शिव्या देत असे. या राजधानीने आमचा मोहल्ला खाल्ला, शेजार खाल्ला, माणुसकी खाल्ली. लोक माना डोलवायचे. त्यात खोटंही काही नव्हतं, म्हणून तर इतकं जोरात बोलता यायचं. घरी मात्र आईच्या तोंडून काकांचं नाव निघालं की मी चप्पल घालून बाहेर पडायचो. तिला खरं सांगायचं मी किती वेळा ठरवलं, ते आता सांगण्यात अर्थ नाही. सांगितलं नाही.

आई गेली. तिच्या तेरवीला काकू आल्या, रायपुरातच दिलेल्या लेकीच्या मुलाचा हात धरून. पोरगा हिंदीत बोलत होता, त्याला बाहेर बसवून त्या आत आल्या. माझ्याजवळ बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाबू, एक विचारू? वैनी माझ्याशी काहून बोलत नव्हत्या? काका जाईपर्यंत विचारत होते, आपल्याकडून काय चुकलं म्हणून. मले आजपर्यंत समजलं नाही."

खोलीत आम्ही दोघंच होतो. ज्या बाईला खरं कळून दुखलं असतं, ती गेली होती. जिला कळून बरं वाटलं असतं, ती समोर बसली होती. सांगायला काहीच हरकत नव्हती.

"काही नाही काकू," मी म्हणालो. "आईचा स्वभावच तसा होता. थोडी तुसडीच होती ती."

काकूंनी आईच्या फोटोकडे पाहिलं. "हव," त्या म्हणाल्या, "असन." मग पदराने डोळे पुसून जेवायच्या पंगतीत जाऊन बसल्या, आणि मी त्यांना वाढलं.