रंगाच्या आधी

लोक बाबांना ‘रंगवाले’ म्हणतात, पण आयुष्यात त्यांनी एकही भिंत रंगवलेली नाही. ते सांडपाण्याच्या टाकीत हिरवा रंग ओततात आणि खालच्या विहिरीवर काचेची बाटली घेऊन बसतात. आमच्या वस्तीखाली माती नावालाच, बाकी सगळा भेगाळलेला खडक. रंग विहिरीत उतरला तर घाणही उतरणार, असा साधा हिशोब. तीस वर्षं तो चुकला नव्हता, निदान आम्हाला तसं वाटत होतं. हट्टी तर असे की, डॉक्टरांनी सांगितलेला तापसुद्धा स्वतः कपाळाला हात लावल्याशिवाय मान्य करायचे नाहीत.

सोमवारी सकाळी टेकडीवरच्या दवाखान्याची सांडपाण्याची टाकी तडकली. बाबांनी लगेच तिच्यात रंग ओतला आणि घरोघर सांगून आले, “चार दिवस तरी लागतील. रंग दिसेपर्यंत बिनधास्त प्या.”

बुधवारी पहाटे माझ्या लेकीला जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले, हाताला सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, “पाण्यातून झालंय.”

“पाणी काचेसारखं आहे!” बाबा उसळले. “मीच भरून आणलंय.”

माझं डोकंच फिरलं. “बाबा, तुमच्या रंगाला जुलाब होत नाहीत! रंग नाही आला म्हणून जंतू नाही आले, हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

जंतूंसारखेच बारीक, पण निरुपद्रवी जीव सोडून बघायचं बाबांनी ठरवलं. संध्याकाळी पाव फुगवायच्या यीस्टचं मोठं पाकीट पाण्यात कालवून त्यांनी त्याच टाकीत ओतलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. गुरुवारी दुपारी बाबांसमोरच विहिरीच्या पाण्याचा थेंब शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि माझ्या अंगावर काटा आला. यीस्टचे गोल कण ढीगभर. एक दिवससुद्धा झाला नव्हता. सोमवारच्या रंगाचा मात्र अजून मागमूस नव्हता.

बाबांनी भिंगाला डोळा लावला आणि मटकन स्टुलावर बसले. मी समजावू लागले. भेगेच्या भिंती खडबडीत असतात, बारीक छिद्रांनी भरलेल्या. रंग त्या प्रत्येक छिद्रात शिरतो, मुरतो, रेंगाळतो. यीस्टचे कण, जंतू त्या छिद्रांत मावतच नाहीत. ते भेगेच्या मधल्या जोरदार धारेत राहतात आणि सरळ खाली येतात.

“म्हणजे ते नेहमीच आधी पोचत होते?” बाबांनी विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. ते ताडकन उठले. “अगं, लोक पितायत अजून. माझ्या सांगण्यावरून पितायत!”

सत्तरीचा माणूस उतारावरून धावत सुटला. मी मागे. पहिल्याच घरी शेजारीण हंडा उतरवत होती.

“ते पाणी ओतून टाक! पिऊ नकोस!” बाबांना नीट बोलताही येत नव्हतं.

“काका, आधी बसा बघू. किती धाप लागलीय! नातीच्या काळजीनं जीव घाबरा झालाय तुमचा.” तिनं हंड्यात पेला बुडवला आणि उजेडाकडे धरला. “हे बघा. रंगाचा टिपूस नाही. तुम्हीच सांगितलंत ना, रंग दिसेपर्यंत बिनधास्त प्या?”

आणि त्यांचा जीव शांत व्हावा म्हणून, आमच्या डोळ्यांदेखत, तिनं तो पेला घटाघटा रिकामा केला.