कुंकू लावलेली नोटीस

आमचा निखिल कॅनडाच्या सैन्यात आहे. त्याच्यावर आजवर एकही गोळी झाडली गेलेली नाही, पण मी त्याला एकदा शहीद केलंय.

झालं असं, की त्याची एडमंटनला बदली झाली. मिसिसागातल्या भाड्याच्या घराच्या कराराचे सात महिने अजून बाकी होते. नशीब, करारात फौजींसाठी खास कलम होतं: बदलीच्या ऑर्डरची प्रत जोडून महिनाभर आधी नोटीस द्या आणि मोकळे व्हा. सकाळी सरावाला निघताना निखिलने पाकीट माझ्या हातात ठेवलं.

"आई, आज एकतीस. आजच्या आज मालकिणीला पोचलं पाहिजे, नाहीतर आणखी महिनाभर अडकलो. आणि प्लीज, त्याला काही करू नकोस."

मी कशाला काय करतेय? नुसतं देवापुढे ठेवलं आणि आतल्या ऑर्डरच्या चारही कोपऱ्यांना कुंकू लावलं. (लग्नपत्रिकेला लावतो, मग पोराच्या बदलीच्या कागदाला नको?) बोट जरा जास्तच ओलं होतं, एवढंच. मग पाकीट चिकटवून स्वतः जाऊन मालकीणबाईंच्या पेटीत टाकून आले.

दुपारी बाईंचा फोन. इकडे कुकरच्या शिट्ट्या, तिकडे बाईंचा घोगरा आवाज.

"इज ही... गॉन?"

"येस, गॉन. धिस मॉर्निंग ओन्ली."

"सो सडन..."

"इन आर्मी, लाइक धिस ओन्ली," मी समजूत घातली.

बाईंनी हुंदका दिला. "ही इज इन अ बेटर प्लेस नाऊ."

"येस येस, एडमंटन!"

नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी झाली आणि फोन बंद. भाडेकरू जातोय म्हणून बिचारी रडते, माझ्या लेकाने किती जीव लावलाय बघा, असं मी ह्यांना कौतुकाने सांगितलं.

दोन दिवसांनी बाई दारात. काळा ड्रेस, हातात इकडे सुतकाच्या घरी नेतात तसा लझान्याचा ट्रे. आणि दार उघडलं निखिलने, सरावाहून नुकताच आलेला, चिखलाने माखलेला. बाई किंचाळल्या. ट्रे ह्यांनी झेलला म्हणून वाचला.

बाईंनी पर्समधून ऑर्डर काढली. रक्तासारखे लालभडक डाग कागदभर पसरले होते. निखिलने कागद पाहिला, मग मला पाहिलं. मी लझान्या पाहत राहिले.

"बट द नोटीस?" त्याने धास्तावून विचारलं. "वेळेत मिळाली" हे बाईंनी त्याला मिठी मारून, रडत, हसत, तीनदा सांगितलं. "यू आर फ्री, स्वीटहार्ट. जस्ट स्टे अलाइव्ह." माझ्या जिवात जीव आला. नोटीस चुकली असती तर मी त्याला कुठल्या तोंडाने सांगणार होते?

एडमंटनच्या नव्या करारावर 'इमर्जन्सी कॉन्टॅक्ट' म्हणून त्याने बाबांचं नाव घातलंय.

"नो ऑफेन्स, आई," तो म्हणाला, "पण तू फोन उचललास की मी मरतो."