पडद्यामागून सिनेमा सांगणाऱ्याचा मुलगा

तुमच्या आजोबांनी पहिला सिनेमा पाहिला तेव्हा सिनेमा मुका होता. मग त्यातली गोष्ट त्यांना सांगितली कोणी?

आठवत नाही ना? नट आठवतात, घोडे आठवतात, तंबूच्या मालकाची फटफटीसुद्धा आठवते. ज्याच्या घशातून ती मुकी माणसं बोलली, त्याचं नाव खानदेशात कोणी लिहून ठेवलं नाही. माझं भांडण त्या नावाचं आहे. येत्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या सावरबारी गावच्या चौकात लान्स नायक वामन अहिरे याच्या स्मारकाचा दगड बसणार आहे. त्यावर त्याच्या वडिलांचा धंदा 'मजूर' असा कोरायचं ठरलं आहे. ते खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे वामन स्वतः फौजेला सांगून गेला आहे.

पासष्टच्या लढाईनंतरच्या वर्षी आम्ही दोघे धुळ्याला भरती झालो. रांगेत तो माझ्या पुढे होता. कारकुनाने वर न पाहता विचारलं, "बाप क्या करता है?"

"सिनेमा सांगायचे."

"दिखाता था?"

"नाही साहेब. सांगायचे."

सगळी रांग हसली. मीही हसलो, हे इथे कबूल करतो.

"और अभी?"

"आता मजुरी. पण धंदा तो."

कारकुनाने 'लेबर' लिहिलं. वामन म्हणाला, "साहेब, हे चूक आहे." कारकून म्हणाला, "आगे बढ़ो." पुढे पाच वर्षांत वामनने दुरुस्तीचे पाच अर्ज दिले. पाचही परत आले. चौथ्या वेळी मी त्याला म्हटलं, "सोड ना, कोण वाचणार आहे?" त्याने त्याच रात्री पाचवा अर्ज लिहिला.

आता त्या धंद्याबद्दल. वामनच्या वडिलांना आम्ही नाना म्हणतो. नाना तरुण असताना यात्रेत बायस्कोपचा तंबू लागे. मधे कापड ताणायचे आणि त्यावर पाणी मारायचे, म्हणजे चित्र पलीकडूनही दिसे. पुढे पैसेवाले आणि वरच्या जातीचे. मागे जमिनीवर आमची माणसं, तेव्हा ज्यांना महार म्हणत. मागून चित्र उलटं दिसे. उजवीकडून निघालेला घोडा डावीकडून यायचा. आमच्या माणसांनी आयुष्यभर उलटा सिनेमा पाहिला.

नानांचा आवाज खणखणीत होता. मालकाने त्यांना सांगणारा म्हणून ठेवलं. पण पुढच्या लोकांनी अट घातली, हा आमच्यासमोर उभा राहायचा नाही. आवाज चालेल, माणूस नको. म्हणून नाना पडद्यामागे उभे राहून पत्र्याच्या भोंग्यातून पुढच्यांना गोष्ट सांगत. पहिल्याच खेळात ते म्हणाले, "डाव्या दारामागे दुष्मन लपेल शे!" पुढच्यांना तो उजव्या दारामागे दिसत होता. लोक खदखदून हसले आणि मालकाने नानांच्या कानशिलात मारली. त्या दिवसापासून नाना डोळ्याला दिसेल त्याच्या उलट बोलायला शिकले, न थांबता, न चुकता. दहा-बारा वर्षं. मग बोलपट आले आणि नाना लोकांच्या शेतात निंदणीच्या मजुरीला गेले.

पोराला त्यांनी एवढंच शिकवलं होतं: "आपला डोयाले काय दिसस ते नको सांगू. ऐकनारना डोयाले काय दिसी ते सांग."

बटालियनमध्ये आम्ही दोघे मॉर्टर प्लाटूनचे रेडिओ ऑपरेटर झालो. मॉर्टर म्हणजे बुटकी तोफ. ती चालवणाऱ्याला शत्रू दिसत नाही. पुढे गेलेला फायर कंट्रोलर बॉम्ब कुठे पडला ते पाहून रेडिओवर सांगतो: डावीकडे इतकं, उजवीकडे इतकं, अंतर वाढवा, अंतर कमी करा, सगळं तोफेकडून पाहिल्यासारखं. रविवारी युनिटमध्ये उघड्यावर सिनेमा लागे. मशीनचा आवाज गेला की जवान ओरडत, "ए बोलपट, उठ!" वामन उठे आणि नायिकेपासून कुत्र्यापर्यंत सगळ्यांचं बोले. सुभेदार साहेब एकदा म्हणाले, "अहिरे, मशीन दुरुस्त झालं. बस आता." जवान म्हणाले, "मशीन बंद करा साहेब!"

एकाहत्तरच्या डिसेंबरात आम्ही पश्चिम सीमेवर होतो. एका पहाटे चार वाजता फायर कंट्रोलर हवालदार तुकाराम मोरे, वामन आणि दोन जवान कालव्यापलीकडे गेले. शत्रूच्या बांधाच्या बाजूने नजर ठेवून उजाडण्याआधी परतायचं, असा हुकूम होता. ५.३५ ला शत्रूची एक कंपनी बांधाआडून पुढे सरकली आणि मधे आली. अलीकडे आम्ही, मधे शत्रू, पलीकडे ते चौघे. परतायची वाट बंद.

६.१० ला सेटवर वामनचा आवाज आला. "हवालदार साहेब गेले. मी बोलतो. ओव्हर."

सुभेदार साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. वामन कंट्रोलरचा कोर्स शिकलेला नव्हता. शिवाय त्याचं तोंड आमच्याकडे होतं. त्याचं डावं ते आमचं उजवं. त्याला बॉम्ब जवळ आला तर आमच्या हिशोबाने तो लांब गेलेला. कोर्स केलेला माणूससुद्धा गोळ्या चालू असताना इथे गोंधळतो.

"लड़का उल्टा बोल पाएगा?"

"बोलेल साहेब."

"पक्का?"

"त्याचा बाप तेच करायचा."

साहेबांनी फायरची खूण केली. पहिला बॉम्ब सुटला. वामन म्हणाला, "उजवीकडे शंभर. ओव्हर." मी नकाशावर पाहिलं. आमच्या बाजूने बरोबर होतं. दुसरा बॉम्ब. "कमी पन्नास." तिसरा. "बांधावर. असंच चालू द्या." तासभर त्याने एकदाही चूक केली नाही. शत्रू नाल्यात उतरला तेव्हा तो सरळ आमच्या अहिराणीवर आला. "बठ्ठा नाल्यामा उतरनात भाऊ. डावीकडे पंचवीस." आम्हांला काहीच दिसत नव्हतं. त्याच्या तोंडून सगळं दिसत होतं. त्या तासात शत्रू कालव्यापर्यंत पोचू शकला नाही. आमची सगळी कंपनी त्या कालव्याच्या काठावर होती.

७.१८ ला तो म्हणाला, "वाढाव पन्नास."

शत्रू त्यांच्याकडे वळला होता. मी हिशोब केला. वाढवणं म्हणजे त्याच्याकडे.

"पुन्हा सांग. ओव्हर."

"वाढाव पन्नास. त्या आमनाकडे वळनात."

"वामन, तुम्ही किती लांब आहात?"

"ऐकू ये नही का भाऊ? वाढाव."

मी आकडा मोठ्याने म्हटला. मॉर्टर सुटली. ७.२१ ला सेट बंद झाला. दुपारी आमची कंपनी तिथे पोचली. चौघेही एकाच खड्ड्यात होते. कोणाच्या बॉम्बने, ते मी विचारलं नाही. कोणी सांगितलंही नाही.

त्याच लढाईत माझा डावा कान बहिरा झाला आणि मी फौज सोडून घरी आलो. आता ऐका गावातल्या शूरांचं. स्मारक समितीचे अध्यक्ष बापू यांच्या ओट्यावर मी गेल्या आठवड्यात गेलो होतो.

बापू म्हणाले, "अरे, फौजेच्या कागदावर मजूर आहे. मजूर काय वाईट शब्द आहे?"

"वाईट नाही, खोटा आहे."

"नंतर मजुरी केलीच ना त्याने?"

"बापू, मी उद्या वॉचमन झालो तर मी सैनिक नव्हतो का?"

"दगडावर 'सिनेमा सांगणारा' कोरलं तर पाहुणे हसतील. शहीद माणूस, अन् बाप तमाशातला!"

"हसू द्या. त्या कंपनीतले शंभर जण हसणार नाहीत."

"बरं, पुरावा काय? तंबू गेला, मालक मेला. नानाने सिनेमा सांगितला याला साक्षीदार कोण? आण एक साक्षीदार, मग बोलू."

ओट्यावर चार म्हातारे बसले होते. चौघेही त्या तंबूत गेले होते, पडद्याच्या पुढे. चौघेही तंबाखू मळत राहिले. ज्या आवाजावर ते टाळ्या पिटत, तो ओळखायला त्यांना आज लाज वाटते. वामनच्या नावाचा चौक चालतो, फीत कापायला पाहुणे चालतात. बाप मात्र यांना नाव बदलून हवा. आवाज चालेल, माणूस नको, ही अट पन्नास वर्षांनीही उठलेली नाही.

मी नानांना म्हटलं, "मी दगड बसू देणार नाही." नाना आता सत्तरीचे आहेत, घसा पार बसला आहे. ते म्हणाले, "दगड बसू दे. मना नावनं मले काय करनं शे? पन पोर्‍यानी भरतीमा खरं सांगेल व्हतं. त्याले खोटा पाडू नका."

हवालदार तुकाराम मोरे, लान्स नायक वामन अहिरे, शिपाई दशरथ कोळी, शिपाई युसूफ तडवी. चौघांपैकी तिघांच्या कागदावर सगळं खरं आहे. चौथ्याचं खरं करणं तुमच्या हातात आहे.

साक्षीदार मागितला आहे ना? चाळीसगावपासून धुळ्यापर्यंत प्रत्येक गावात तो आहे. आज घरी गेल्यावर सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, "तंबूत गोष्ट कोण सांगायचं?" तो म्हणाला, "एक महादू अहिरे म्हणून होता," तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्याला हाताला धरून सावरबारीच्या चौकात आणा. दगड दहाला बसणार आहे.