टोनहीची पोर गोष्टी लिहिते

मास्तरांनी मला टेबलाजवळ उभं केलं. तोंड वर्गाकडं करायला लावलं. आणि पोरांना विचारलं,

"हिची माय काय खाते रे?"

"लेकरं!"

सगळा वर्ग एका सुरात ओरडला. मास्तर हसले. पोरं हसली.

हे रोजचं होतं. पाढे न येणाऱ्या पोराला मास्तर आता छडी मारत नसत. त्यांना सोपा उपाय सापडला होता. "उद्या पाठ करून ये, नाही तर हिच्या घरी धाडतो." पोरगं तिथंच थरथर कापायचं. दुसऱ्या दिवशी पाढा घडाघडा म्हणायचं. मी वर्गातली मुलगी नव्हते. मी मास्तरांची छडी होते.

केशोरीची शाळा. स्वराज्य नुकतंच आलं होतं. झेंडा चढवला तेव्हा आम्हां मासे धरणाऱ्या ढिवरांच्या पोरांनाही बत्तासे मिळाले होते. ते मी मुठीत धरून घरापर्यंत नेले होते, न खाता. म्हटलं, मायला दाखवू.

आमचं घर तळ्याच्या पाळीवर. गावातलं शेवटचं. बाप मी लहान असतानाच गेला होता. माय मासोळ्या धरायची, तळ्यात शिंगाडे लावायची, टोपलं डोक्यावर घेऊन गावात विकायची. त्या हिवाळ्यात गावच्या जमिनीच्या मालकाचा, मालगुजाराचा, नातू तापानं मेला. आदल्या दिवशी त्यानं मायच्या टोपल्यातले शिंगाडे खाल्ले होते. एवढंच. एवढं पुरलं.

तेच शिंगाडे अर्ध्या गावाच्या पोरांनी खाल्ले होते. मी खाल्ले होते. कोणाला काही झालं नाही. पण हे बोलणार कोण?

आमच्याकडं चेटकिणीला टोनही म्हणतात. दुपारपर्यंत माय टोनही झाली होती.

तिला पाराजवळ आणलं. मालगुजार खाटेवर बसला होता. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. त्याचं दुःख खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण आपल्या दुःखाचं ओझं त्यानं माझ्या मायच्या डोक्यावर ठेवलं. न्हाव्याला हाक मारली. न्हावी मायच्या ओळखीचा. त्याचा वस्तरा चालेना.

"काप," मालगुजार म्हणाला. "नाई तं तुले यंदा धान भेटत नाई."

न्हाव्यानं कापले. माय ओरडली नाही. केस मातीत पडत होते आणि ती समोर पाहत होती. मास्तर तिथंच उभे होते. गावात शिकलेला तो एकच माणूस. मला वाटलं, आता बोलतील. शाळेत तर ते रोज बोलतात. मास्तरांनी धोतराचा सोगा उचलला आणि निघून गेले.

घरी आल्यावर माय बराच वेळ चुलीपुढं बसली. चूल पेटवलीच नाही. मग म्हणाली,

"मी कायले खाऊ वं कोनाचं लेकरू? माह्याच लेकराले पोटभर देऊन नाई राहिली मी."

त्या दिवसापासून तिनं डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नाही. केस परत वाढले तरी नाही. गावात तिची मासोळी कोणी घेईना. दुसऱ्या गावांना चालत जावं लागे. मी मात्र शाळेत जात राहिले. मायनंच धाडलं. "तू नाई गेली तं ते म्हनतीन, खरंच होतं."

एकदा मधल्या सुटीत तीन-चार पोरी माझ्याजवळ आल्या. मी एकटीच बसलेली. त्यांतली एक हळूच म्हणाली,

"काऊन वं, तुही माय खरंच उडते?"

माझ्या हातात दगड आला होता. पण मी तिच्या डोळ्यांकडं पाहिलं. त्या डोळ्यांत भीती होती, आणि भीतीच्या मागं आणखी काही. तिला ऐकायचं होतं. चौघीही खाली बसल्या होत्या. माझ्याजवळ. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याजवळ कोणी बसलं होतं.

मी दगड सोडला.

"माय नाई उडत," मी म्हटलं. "पन आपल्या शाळेत एक भूत आहे. तुमाले मालूम नाई?"

मलाही तोवर माहीत नव्हतं. बोलता बोलता ते तयार झालं. गोष्ट ऐकताना आपण 'हूं, हूं' म्हणतो ना, ती हुंकारी. तर भुताचं नाव हुंकाऱ्या. त्याला स्वतःचं तोंड नाही. म्हणून तो मोठ्या माणसाच्या तोंडात जाऊन बसतो आणि तिथून प्रश्न विचारतो. जो कोणी सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून उत्तर देतो, त्याची जीभ तो थोडी थोडी खातो. आधी चव जाते. गूळ खाल्ला काय, माती खाल्ली काय, सारखंच. मग स्वतःचं नाव आठवत नाही. मग एक दिवस माय अंगणातून हाक मारते, आणि ओ देता येत नाही. माय हाका मारत राहते. समोर उभ्या असलेल्या लेकराला ओळखत नाही.

घंटा झाली. एकही पोरगी उठली नाही. एक रडत होती. मी तिला गप्प केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला टेबलाजवळ उभं केलं.

"हिची माय काय खाते रे?"

वर्ग गप्प.

मास्तरांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यांनी परत विचारलं. मागच्या पोरांनी तोंडावर हात ठेवला. गोष्ट सगळ्या वर्गात फिरली होती. मालगुजाराचा पुतण्या पुढं बसायचा, त्यानंही ओठ घट्ट मिटले होते.

"काय केलंस तू पोरांना?"

"गोष्ट सांगितली, गुरुजी."

मग छडी परत आली. माझ्या दोन्ही हातांवर आली. मी रडले, मोठ्यानं रडले. पण वर्ग हसला नाही.

मार खाता खाताच मला कळलं. भीती म्हणजे मालगुजाराच्या कोठीतलं धान नाही, की त्यानं काढावं आणि त्यानंच मोजून द्यावं. भीती मलाही करता येते. आणि माझी भीती त्याच्या भीतीपेक्षा चांगली आहे. त्याच्या भीतीनं पोरं ओरडली होती. माझ्या भीतीनं ती थांबली.

पुढं मामानं आम्हांला गोंदियाला नेलं. तो रेल्वेत खलाशी होता. माय बिड्या वळायला बसली, तिच्या शेजारी मी. बिड्या वळणाऱ्या बायांची पोरं भोवती किरकिर करायची. त्यांना मी गोष्टी सांगायची. बाया म्हणायच्या, "बाई, सांग त्याइले काई भेवाडाचं, म्हंजे गप बसतीन." हिंदी बोलणारी पोरं असली की हिंदीत सांगायची. सातवी झाले, ट्रेनिंग केलं, गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या शाळेत मास्तरीण झाले. शेवटच्या तासाला गोष्ट. पोरं घरी जायला तयार नसायची.

नागपूरच्या एका मुलांच्या मासिकानं माझी गोष्ट छापली. मग आणखी छापल्या. हेडमास्तर म्हणाले, "बाई, संस्काराचं काही लिहा. हे भुताखेताचं काय?" मी म्हटलं, "हेच संस्काराचं आहे." ते हसले. माझी थट्टाच झाली शाळेत. भूतबाई म्हणत मला. म्हणू दिलं.

मग त्याच नागपूरच्या एका प्रकाशकानं पुस्तक काढायचं ठरवलं. त्यातली मोठी गोष्ट होती 'कोठी'. गाव उपाशी असताना मालगुजार धान दाबून ठेवतो, आणि त्याची कोठी आतून माणसासारखी चघळायला लागते. दिवसाढवळ्या. कचर, कचर. घरातल्या सगळ्यांना ऐकू येतं, आणि घरातलं कोणीच कोणाला सांगत नाही. ही गोष्ट मी कितीदा लिहिली आणि फाडली.

पुस्तकाचा समारंभ गोंदियालाच ठेवला, वाचनालयाच्या खोलीत, संध्याकाळी. अध्यक्ष म्हणून एक राईस मिलवाले सेठजी. पुढं सतरंजीवर पोरं. मागं बायांमध्ये माझी माय, नवं लुगडं नेसून. प्रकाशकांनी गठ्ठा सोडला आणि पहिली प्रत माझ्या हातात दिली.

कव्हरवर एक काळी बाई होती. केस कापलेले, दात ओठांबाहेर. डोक्यावर मासोळ्यांचं टोपलं.

मी पान उलटलं. 'कोठी' नव्हती. तिच्या जागी 'तळ्यावरची ढिवरीण'. गावाबाहेर राहणारी, लेकरं खाणारी. शेवटी शहाणे मालगुजार तिला पकडतात.

"हे मी लिहिलं नाही," मी प्रकाशकांना म्हटलं.

"थोडं नीट केलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "मालगुजाराला कोण भितं, बाई? मुलं चेटकिणीलाच भितात. तुम्हीच एकदा आईची हकीकत सांगितली होती ना? चित्रकाराला ती फार आवडली."

"आणि माझं आडनाव?"

"ते गाळलं. नुसतं ताई गोड दिसतं. पुस्तकं घरातली मोठी माणसं विकत घेतात. आडनाव वाचतात ती."

प्रती मागंपर्यंत गेल्या होत्या. मायला वाचता येत नाही. पण चित्र वाचायला शाळा लागत नाही. ती उठून सरळ माझ्याजवळ आली, पुस्तक पुढं धरलं.

"हे मी आहो का वं?"

मी पुस्तक तिच्या हातातून काढून घेतलं.

सेठजींना काहीतरी बिघडलंय हे दिसलं. "बहनजी, बच्चों की किताब है," ते म्हणाले. "इसमें इतना क्या बिगड़ना?"

मी उठले. भाषण लिहून आणलं होतं, आभाराचं. ते तसंच हातात चुरगळलं. पोरांना म्हटलं, "या पुस्तकातली गोष्ट खोटी आहे. माझी वेगळी आहे. ऐकता?"

"हो!"

मी 'कोठी' सांगितली. पहिल्यापासून. सेठजी मध्येच उठले, "चलो भाई" म्हणाले. त्यांच्यासोबत खुर्च्या रिकाम्या झाल्या. प्रकाशक खाली बसून गठ्ठा बांधत होते, पण कान माझ्याकडं. एका बाईनं आपल्या मुलीचा दंड धरून ओढलं. मुलगी सतरंजी धरून बसली. उठली नाही.

गोष्ट संपल्यावर मी कव्हर उचलून दाखवलं.

"ही माझी माय आहे. मालगुजारी गेली, मालगुजार गेला नाही, म्हणून ती अजून अशी छापली जाते. हिनं कोणाला खाल्लं नाही. भ्यायचं असेल तर ज्यांनी हिचे केस कापायला लावले त्यांना भ्या. आणि जे उभं राहून पाहत होते त्यांना जास्त भ्या."

माय माझ्या बाजूलाच उभी होती. तिनं डोक्यावरचा पदर मागं टाकला. पांढरे केस, पाठीवर आलेले. सगळ्यांनी पाहिले. ती रडली नाही. कोणी टाळ्याही वाजवल्या नाहीत.

त्या पुस्तकावरून मी 'ताई'ही काढायला लावलं. ते आता बिननावाचं खपतं, यात्रेत, बाजारात. चांगलं खपतं. महिनाभरात माझी बदली दरेकशाला झाली. पोरांना बिघडवते म्हणून. इथं जंगल, छोटं स्टेशन, आणि लाकूडतोड्यांची पोरं. माय सोबत आहे. गेल्या आठवड्यात साहेब तपासणीला आले होते. म्हणाले, "भुताच्या गोष्टी सांगणार नाही एवढं लिहून द्या. परत नागऱ्याला आणतो."

मी लिहून दिलं नाही. साहेब बसले होते तोवरच शेवटचा तास लागला. पोरं सरकून जवळ आली. मी गोष्ट सुरू केली. साहेबांना ऐकायचं तर ऐकू दे.

मासिकवाल्यांनी परत गोष्ट मागितली आहे. थोडी सौम्य हवी म्हणतात. त्यांना आजच कळवलं. मी पोरांना भिववते आणि भिववत राहीन, आडनावासकट. माझ्या गोष्टीतलं भूत गावाच्या शेवटच्या घरात राहणार नाही. ते गावाच्या मधोमध राहील, पक्क्या घरात, लोक ज्याला वाकून रामराम करतात तिथं. छापायचं तर असंच छापा. एक अक्षर हलवायचं असेल तर गोष्ट परत करा.