हळद लावून तपासणीला

एक मूर्खपणा मी आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढं वाचताना तुम्हाला माझ्याबद्दल उगीच आदर वाटायला नको. गर्भाशयाच्या तोंडाची दुर्बिणीतून तपासणी व्हायची होती, आणि मी तिथं हळद लावून गेले होते.

हसा, हसा. सुनेला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा हसता हसता तिनं तव्यावरची पोळी करपवली होती.

मोलकरीण यायच्या आधी घर झाडून ठेवणाऱ्या बायका असतात ना, मी त्यांतली. परक्या माणसाला आपला केर दिसू नये. मग परकं माणूस थेट तिथंच बघणार म्हटल्यावर मी काय काय केलं नसेल? दोन दिवस तुरटीच्या पाण्यानं धुतलं. तुरटी माझ्या थोरल्या जाऊबाईंनी आणून दिली. त्यांना मी अक्का म्हणायची. भावजी गेल्यापासून त्या आमच्याकडेच राहायच्या. "तुरटीनं गढूळ पाणी नितळतं, तू काय चीज आहेस," असं त्यांचं वैद्यकशास्त्र. हळद मात्र माझ्याच डोक्यातून निघाली. तो दोष मी कुणाला देणार नाही.

तेलुगू राज्य दुभंगायच्या आधीची ती वर्षं. कुठल्या सरकारी नोकराला इकडं ठेवणार, कुणाला तिकडं धाडणार, याच्या खऱ्याखोट्या याद्या हे रोज ऑफिसातून ऐकून यायचे आणि जेवताना आम्हाला वाढायचे. आमचे आजेसासरे परभणीकडून आलेले, ते इथंच रुजले. शेजारी विचारायचे, "तुम्ही इकडचे का तिकडचे?" हे वस्तीचं नाव सांगायचे, "आम्ही विद्यानगरचे." आणि मग रात्रभर कूस बदलत राहायचे.

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात कामाला होते. तिथल्या बायकांसाठी कॅन्सरच्या तपासणीचं शिबिर लागलं. एकमेकींना पुढं ढकलत आम्ही सगळ्या जाऊन आलो. पंधरा दिवसांनी कागद आले. इतरजणींच्या कागदावर 'नॉर्मल' लिहिलेलं, माझ्या कागदावर 'अ‍ॅबनॉर्मल'. खाली इंग्रजीत दोन ओळी. पेशी थोड्या वेगळ्या दिसतात, त्याचा अर्थ नक्की सांगता येत नाही, पुढची तपासणी करून घ्यावी.

नवं पुस्तक कुठल्या कपाटात लावायचं हे मला दोन मिनिटांत कळायचं. हा कागद कुठं लावायचा ते मात्र कळेना. आजारी म्हणावं तर कुठं दुखत नाही, खुपत नाही. बरी म्हणावं तर ही माणसं परत बोलावतायत. कॅन्सर आहे असं कुणी म्हणत नव्हतं. नाही असंही कुणी म्हणत नव्हतं.

मग मी शहाण्या बाईसारखं वैद्यकाचं कपाट उघडलं. एक जाडजूड पुस्तक काढून त्यातलं मधलंच प्रकरण वाचायला लागले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मला सात आजार झाले होते, त्यातला एक तर फक्त पुरुषांनाच होतो.

ह्यांना काही सांगितलं नाही. एका घरात एका वेळी एकच काळजी मावते, असं माझं गणित. "पुस्तकांची मोजदाद आहे, उशीर होईल," अशी थाप मारली आणि अक्कांना घेऊन तारनाक्याचा दवाखाना गाठला. अक्का सोबतीला आल्या खऱ्या, पण वाटभर कुरकुरत. "आमच्या वेळी आत कुणी दिवा लावून बघत नव्हतं. तरी जगलोच की."

डॉक्टरीण माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण येईल तिला अम्मा म्हणायची. तिनं समजावलं, आधी सिरक्यासारखं पाणी लावते, मग आयोडीन. चांगली जागा तपकिरी होते, शंकेची जागा पिवळी राहते. ती पिवळी जागा बघायची, एवढंच काम.

'पिवळी' हा शब्द ऐकला आणि मला माझी हळद आठवली. पण तोवर मी टेबलावर चढून बसले होते.

मग पायांवरच्या चादरीआडून डॉक्टरणीचा आवाज आला, "अम्मा! ये क्या लगाके आए तुम?"

मी डोळे घट्ट मिटून घेतले.

"पूरा पीला है! ऊपर से छिल के लाल भी हो गया. मेरेकू क्या दिखना इसमें?" तिनं सिस्टरला हाक मारली. सिस्टरनं वाकून पाहिलं आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटली. मला त्यातला 'पसुपु' तेवढा कळला. पसुपु म्हणजे हळद. दोघी हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. पडद्यापलीकडून अक्का मात्र ओरडल्या, "तुरटी सांगितली होती मी! हळद कुणी सांगितली?"

झालं. तीन आठवडे पाण्याशिवाय काहीही लावायचं नाही, जखम भरू द्यायची आणि परत यायचं. मला उत्तर हवं होतं, आणि ते मी स्वतःच्या हातानं तीन आठवडे लांब ढकललं होतं.

ते तीन आठवडे कसे गेले विचारू नका. एक दिवस वाटायचं, काही नाही, उगीच घाबरवतात. दुसऱ्या दिवशी कपाटातल्या साड्या मनातल्या मनात वाटून मोकळी व्हायची. एकदा ह्यांना वरण करायला शिकवायला बसले. हे म्हणाले, "का? मला तिकडं धाडणार असं तुझ्या कानावर आलंय की काय?" मी म्हटलं, "तिकडं जा नाहीतर इकडं राहा, वरण तर लागेलच ना?" हे घाबरून मुकाट्यानं शिकले. आजही वरण तेच करतात, आणि माझ्याहून बरं करतात.

परत बोलावलेल्या तारखेला नेमका वेगळ्या राज्यासाठी बंद. बस नाही, रिक्षा नाही. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाऊ. वाटलं, अक्का खूश होतील. पण त्या चपला घालून दारात उभ्या. "चल. पायाला काय बंद आहे का?"

विद्यापीठाच्या आवारातून चालत निघालो. फाटकाजवळ पोलिसानं अडवलं. "बंद है अम्मा, किधर जारे?"

"औरतां के दवाखाने कू," अक्का म्हणाल्या. "तू आता क्या साथ में?"

त्यानं फाटकच उघडलं, आणि आम्ही दिसेनाशा होईपर्यंत बिचारा आकाशाकडं बघत राहिला.

या खेपेला डॉक्टरणीला दिसायचं ते दिसलं. पण तेवढ्यावर भागेना. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागला. चिमटा बसल्यासारखं झालं, पोटात कळ आली आणि गेली. रिपोर्ट दहा दिवसांनी. पुन्हा तेच. आहे का नाही, नाही का आहे.

दहाव्या दिवशी आम्ही दोघी तिच्यासमोर बसलो. तिनं कागद वाचला आणि म्हणाली, "कैंसर नै है."

मी रडायच्या बेतात होते, तेवढ्यात ती पुढं म्हणाली, "थोडा फरक है. बहुत करके अपने आप चला जाता. एक साल के बाद फिर आना, देखेंगे."

"मग मला झालंय तरी काय?"

"कुछ नै."

"कुछ नै तो फिर आना कायकू?"

"कुछ नै है वो कुछ नैच रहना, इसलिए आना."

मी तीनदा विचारलं, तिनं तीनदा तेच सांगितलं. कळलं, असं म्हणणार नाही. मान मात्र हलवली. इतके आठवडे ज्या शब्दाची वाट पाहिली तो हातात पडला होता, आणि त्याला शेपूट होतं एका वर्षाचं. आनंद करावा तर किती, हेही कुणीतरी कागदावर लिहून द्यायला हवं होतं.

बाहेर येऊन बसस्टॉपवर उभ्या राहिलो. विद्यानगरची एक बस आली. मी चढायला निघाले, तर अक्कांनी दंड धरून मागं ओढलं. बस निघून गेली. मला वाटलं आता टोमणा येणार, म्हणून मी आधीच हसायची तयारी केली. त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या. रस्त्याकडं बघत, एरवी कधी बोलत नाहीत इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, म्हातारीचंही बघते का ती? माझी पाळी जाऊन नऊ वर्षं झाली, आणि दिवाळीपासून मला परत डाग पडतायत."